खराट्यांची जप्ती

"सलामे, मुद्देमाल कुठे आहे?"

जगदाळे साहेबांनी हा प्रश्न मोहाच्या झाडाकडे वर बघत विचारला. झाडानं उत्तर दिलं नाही, म्हणून मी दिलं.

"मुद्देमाल नाही, साहेब."

"आग लागते, रोपवन जळतं, आणि मुद्देमाल नाही?"

"आगीनं काही ठेवलंच नाही, साहेब."

साहेब आमचे रेंजर. उसाच्या मुलखात वाढलेला माणूस, इथे येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. फाल्गुनातलं पानगळीचं जंगल त्यांना कोणीतरी मुद्दाम खराब करून ठेवल्यासारखं वाटायचं. मी त्यांचा वनरक्षक. बी. ए. मराठी, दुसरा वर्ग. शिवाय ज्या कोसमटोल्याच्या हद्दीत आम्ही उभे होतो, त्या टोल्याचा, म्हणजे पाड्याचा, जावई. यातली कुठली पात्रता मला जास्त नडली, ते इतक्या वर्षांनीही मला नक्की सांगता येत नाही.

आदल्या दिवशी दुपारी आग सुटली होती. आमच्याकडे मोहफुलं पहाटेपासून टपकतात आणि वाळक्या पानांत पडली की दिसत नाहीत. म्हणून फुलं सुरू व्हायच्या आधी बाया आपापल्या झाडाखालचा पाला झाडून ढीग करतात आणि पेटवून देतात. वारा पडलेला असेल तर ढीग तिथेच राख होतो. वारा उठला तर जंगल पेटतं. या बाबतीत खात्याचं आणि टोल्याचं मत वेगळं होतं असं समजू नका. सुटलेली आग टोल्यालाही वाईटच वाटते. फक्त कोणाला दोष द्यायचा ते टोला आपसात ठरवतो आणि खात्याला कळवत नाही.

ही आग सागाच्या रोपवनात शिरली. रोपवनात सर्वांत जोमानं वाढलेलं काही असेल तर तो फाटकाजवळचा फलक होता. रोपं फारशी जळाली नाहीत, कारण जळायलाही ती जागेवर असावी लागतात. फलक मात्र पुरता जळाला. त्याच्यावर साहेबांचं नाव होतं.

"कोणी पेटवलं?" साहेबांनी बायांना विचारलं.

टोल्यावरच्या सगळ्या बाया झाडांच्या सावलीला उभ्या होत्या. उत्तर बुधियाबाईनं दिलं. टोल्यात जीभ चालवायचं काम बहुतेक तिच्याकडेच असे.

"वारा होता जी."

"वाऱ्याच्या खिशात काडेपेटी होती का?"

"वाऱ्याचा खिसा आमी नाई पायला. तुमी झडती घेऊन पाहा."

बाया हसल्या. साहेब लाल झाले. माझी सासू हिरोंदाबाई तेवढी हसली नाही. ती आपल्या मोहाला पाठ लावून उभी होती. सासूनं जावयाशी तोंडासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी उंबरठा, बकरी, पाण्याची घागर, जे जवळ असेल त्याच्यामार्फत बोलत आली होती. अंगावर वर्दी आल्यावर त्यात एकच फरक पडला. आधी ती म्हणायची, 'जावयाले सांग.' आता म्हणायची, 'सरकारले सांग.'

"सरकारले सांग," ती झाडाला म्हणाली, "साहेबाले उन्हात नको उभं करू. का न्यायचं ते नेऊ दे."

मी घसा साफ केला. "साहेब, इथे खराट्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही."

प्रत्येक मोहाच्या बुंध्याशी तुराट्यांचा एकेक खराटा टेकवून ठेवलेला होता. प्रत्येकाच्या मुठीला मालकिणीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. साहेबांनी एकदा खराट्यांकडे पाहिलं, एकदा झाडलेल्या जमिनीकडे, आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला.

"हेच ते. याच झाडूंनी पाला गोळा केला. गुन्ह्याची हत्यारं. जप्त करा."

"सगळे?"

"सगळे."

"साहेब, मी इथला जावई. मी उचलले तर उद्या पंच फुटतील. आपल्या हातानं उचलले तर केस मजबूत होईल."

साहेबांना ते पटलं. केस मजबूत होईल म्हटलं की त्यांना काहीही पटायचं. ते एकेका झाडाखाली गेले, वाकले, खराटा उचलला, जीपमध्ये टाकला. बुधियाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"नीट पाहून ठेव," सासू झाडाला म्हणाली. "कोनी उचलला ते."

जाताना साहेबांनी हुकूम सुनावला. आजपासून हे जंगल बंद. कोणी मोह वेचायला आत दिसलं की गुन्हा. पेटवणाऱ्याचं नाव द्या, मग बघू. नाव दिलं नाही तर पुढच्या वर्षीही बंद, त्याच्या पुढच्या वर्षीही बंद.

कोसमटोल्याला हे काय सांगणं होतं, ते शहरातल्या वाचकाला कळावं म्हणून लिहितो. तिथे भात पिकायचा तो चार महिने पुरायचा. तेल, मीठ, लुगडं, औषध, पोराचं बारसं आणि म्हाताऱ्याची माती, हे सगळं मोहाच्या झाडाखालून यायचं.

फुलं पडायला लागली. साहेबांनी मला आणि आमच्या एका वॉचरला फाटकावर बसवलं. फाटक जळून गेलेलं होतं, त्यामुळे आम्ही फाटकाच्या जागेवर बसलो. बायांना अडवायचं, असा हुकूम होता. अडवायला एकही बाई आली नाही.

साहेब खूश झाले. "बघितलंत सलामे? कायद्याचा धाक हवा."

"हो, साहेब."

पण मोह कोणी वेचला नाही म्हणून पडायचा थांबत नाही. आधी चितळं आली. मग अस्वल आलं. ते सावकाश जेवून गेलं आणि दुसऱ्या दिवशी कुटुंब घेऊन आलं. मग आसपासच्या गावांची गुरं आली. त्यांनी मोह खाल्ला आणि तोंडी लावायला सागाची उरलेली रोपं घेतली. वॉचर एका वळूला हाकलायला गेला आणि वळूनं त्याला हाकललं. जंगलाला आंबूस, गोड वास सुटला. तो वास टोल्यावर जायचा आणि टोल्यावरच्या बाया अंगणात बसून तो नुसता घ्यायच्या.

"फुलं कुजायला लागलीत," मी घरी पारबताला म्हणालो. पारबता माझी बायको. "तुझ्या आईला मोह नको झाला का?"

"पायजे."

"मग?"

"पायजे म्हनूनच बसलो," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाताबरोबर नुसतं मीठ वाढलं. तेल संपलं होतं, हे तिनं तोंडानं सांगितलं नाही.

मग एका सकाळी सगळ्या बाया रेंज ऑफिसात येऊन व्हरांड्यात बसल्या. साहेबांना वाटलं, नाव सांगायला आल्या. त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागवून घेतला. त्यांच्या खुर्चीमागे, कोपऱ्यात, जप्त खराटे उभे करून ठेवलेले होते.

"बोला."

"साहेब," बुधियाबाई म्हणाली, "तुमी काल झाडायले नाई आले."

"कुठे?"

"माझ्या मोहाखाली. परवाबी नाई आले."

"मी कशाला येऊ?"

"मंग कोन येईन? माझ्या झाडाखाली अस्वल रोज जेवते. राखनीले तुमी पायजे का नाई?"

साहेबांनी कागद खाली ठेवला. "बाई, झाड तुझं, राखण मी करू?"

"झाड माझं कसं जी? खराटा कोनापाशी हाय?"

साहेबांनी नकळत मागे वळून खराट्यांकडे पाहिलं. खराटे त्यांच्यापाशीच होते.

मग हिरोंदाबाई बोलली. साहेब तिचे जावई नसल्यानं त्यांच्याशी ती सरळ बोलू शकत होती. "साहेब, आमच्यात खराटा ज्याच्यापाशी, झाड त्याचं. एखादीची आग सुटली का टोला तिचा खराटा उचलून दुसऱ्या घरी देते. मंग त्या साली फुलं त्याची. झाडनं त्याचं, राखन त्याची. आन त्या झाडाखालून आग सुटली तर जबाबबी त्याचाच. तुमी तर आमच्या सगळ्याईचे खराटे उचलले. सोताच्या हातानं. आमी पायलं."

"मी सरकारी अधिकारी आहे. मी जप्ती केली."

"आमी कुठी नाई म्हनतो? तुमीच केली."

"पहिली टोपली देवाची असते," बुधियाबाईनं आठवण दिली. "आन कोंबडा. प्रत्येक झाडाचा येगळा. काळा पायजे."

साहेब माझ्याकडे वळले. "सलामे, हे खरं आहे?"

"रीत आहे, साहेब."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"आपण मुद्देमाल विचारला होता. रीत विचारली नव्हती."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा गोपनीय अहवाल त्यांच्या डोळ्यांत सरळ वाचता आला. मग ते बायांना म्हणाले, "न्या ते झाडू. आत्ता न्या."

एकही बाई उठली नाही.

"तसा नाई येत तो वापस," हिरोंदाबाई म्हणाली. "ज्यानं उचलला त्यानं झाडाखाली जाऊन एक हात झाडायचा, मंग मालकिनीच्या हातात द्यायचा. तवा झाड वापस होते."

"मी? मी झाडू मारू?"

"एकच हात जी. बाकीचं आमी झाडू."

"सरकारनं नवीन झाडू दिले तर?"

"झाड तर जुनंच हाय ना?"

साहेबांनी त्यांना बाहेर काढलं. म्हणजे काढायला सांगितलं, आणि त्या व्हरांड्यातून उठून समोरच्या चिंचेखाली बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. कोणी घोषणा देत नव्हतं. साहेब दिसले की बुधियाबाई मोठ्यानं बातमी द्यायची, "साहेब, तुमच्या झाडाखाली गायी बसल्या," आणि साहेब आत जायचे. ऑफिसचा शिपाईही टोल्याकडचाच होता. तो खोली झाडायचा, पण कोपऱ्यातल्या खराट्यांना वळसा घालून जायचा. दुसऱ्याच्या झाडाला कोण हात लावणार?

बायकांचं जात होतं ते मात्र खरोखर जात होतं. मोहाचे दिवस थोडे असतात. पडून गेलेलं फूल उद्या पडत नाही. चिंचेखाली बसलेल्या त्या बायांपैकी कोणाच्या घरी काय उरलं होतं, हे मला घरच्या ताटावरून कळत होतं. तरी त्यांच्यातली एकही पहाटे चोरून आत गेली नाही. जाता आलं असतं. फाटक नव्हतं, वॉचर वळूला भिऊन झाडावर बसायचा, आणि मी कोणाचा जावई होतो ते सर्वांना माहीत होतं.

मग निरोप आला की मोठे साहेब जळालेलं रोपवन बघायला येणार. जगदाळे साहेबांनी रोपवन स्वतः जाऊन पाहिलं. शेण, कुजका मोह, अस्वलाची विष्ठा, आणि या सगळ्यात सागाच्या रोपांच्या जागी छाटल्यासारखे खुंट. परत आले ते थेट चिंचेखाली गेले.

"एकच हात ना?" त्यांनी विचारलं.

"एकच," हिरोंदाबाई म्हणाली.

"आणि मग सगळं साफ करायचं. मोठे साहेब यायच्या आत."

"आन मोह?"

साहेबांनी आधी चिंचेकडे पाहिलं, मग जंगलाकडे, मग आपल्या बुटांकडे. "वेचा," ते म्हणाले. एवढ्या छोट्या शब्दाला एवढा वेळ लागलेला मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खराटे जीपमध्ये घालून आम्ही जंगलात गेलो. साहेब पूर्ण वर्दीत होते, टोपीसकट. प्रत्येक झाडाखाली मी चिंधी पाहून मालकिणीचं नाव सांगायचो. साहेब वाकायचे, एक हात झाडायचे, खराटा पुढे करायचे. बाई तो दोन्ही हातांनी घ्यायची आणि लगेच बाकीचं झाडायला लागायची. मस्करी कोणी केली नाही. बुधियाबाईसुद्धा खराटा घेताना गंभीर होती. फक्त एवढंच म्हणाली, "साहेब, कंबर वाकवून झाडा जी, नाईतर रातभर दुखन."

मोठे साहेब ठरल्या वेळेच्या आधी आले. आमच्या खात्यात वरिष्ठ आणि संकट नेहमी वेळेआधीच येतात. जीप थांबली तेव्हा रेंजर जगदाळे एका मोहाखाली ओणवे होऊन झाडत होते आणि सभोवती टोल्यातल्या सगळ्या बाया झाडत होत्या.

"वा, जगदाळे," मोठे साहेब म्हणाले. "याला म्हणतात लोकसहभाग."

जगदाळे साहेबांनी पाठ सरळ केली. क्षणभर ते गोंधळले, पण मग नोकरीतला सगळा अनुभव त्यांच्या मदतीला आला. "हो सर. जनजागृती चालू आहे."

मोठ्या साहेबांच्या फोटोग्राफरनं फोटो काढले. सगळं इथेच संपलं असतं. पण जीपमध्ये एक खराटा उरला होता. हिरव्या चिंधीचा. जगदाळे साहेबांनी तो स्वतःच उचलून आणला. एव्हाना त्यांना सवय झाली होती.

"हा कोणाचा?"

मी नाव सांगितलं नाही. सगळ्या बायांचे हात थांबले.

"माझा," हिरोंदाबाई पुढे आली. "पन मी नाई घेत."

"का?"

"आग माझ्या झाडाखालून सुटली होती. पाला मीच पेटवला, आन दुपारचा वारा उठन हे मले कळाले पायजे होतं. टोला यंदा माझा खराटा उचलनारच होता. तुमी आधी उचलला एवढंच. यंदा हे झाड माझं नाई."

इतके दिवस साहेबांनी जे नाव मागितलं, ते आता त्यांच्यासमोर उभं होतं, आणि कोणी न विचारता. मोठ्या साहेबांचा चेहरा बदलला.

"म्हणजे ही आरोपी? जगदाळे, गुन्हा नोंदवा."

"नोंदवा जी," हिरोंदाबाई म्हणाली. "मी कुठी पळत नाई. टोल्याची शिक्षा मी घेतली, तुमची असन तेबी घेतो. पन मले एक सांगा. मागच्या साली तुमच्या मानसाईनं जाळरेषा काढतानी आग सोडली होती. पहाडीच्या पलीकडचे बांबू जळाले. अजूनबी तिकडे हिरवं काई नाई. तवा कोनाचा खराटा उचलला?"

पहाडीपलीकडचे बांबू खरोखरच जळाले होते. आग थांबावी म्हणून खातं जी पट्टी जाळून ठेवतं तिला जाळरेषा म्हणतात. त्या पट्टीतूनच ती आग सुटली होती, आणि खात्यानं ती 'अज्ञात इसमानं' लावल्याचं ठरवलं होतं. अज्ञात इसम आमच्या ऑफिसात चहा पीत असे.

मोठ्या साहेबांनी जगदाळे साहेबांकडे पाहिलं. जगदाळे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. हिरोंदाबाई उत्तराची वाट पाहत उभी राहिली. घाई अशी तिला कधीच नसायची.

"सलामे," जगदाळे साहेब शेवटी म्हणाले, "लिहून घ्या. नाव, वय, राहणार."

मी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि साहेबांच्या हातातला खराटा घेतला.

"काय करताय?"

"मुद्देमाल ताब्यात घेतोय, साहेब."

आणि मी झाडायला लागलो. एक हात नाही. पूर्ण. वर्दीत, टोपीसकट, दोन साहेबांच्या आणि एका फोटोग्राफरच्या देखत. एक हात झाडून मालकिणीला दिला तर झाड परत होतं. मालकीण घेत नसेल, तर जो पूर्ण झाडतो त्याच्याकडे त्या सालचं झाड जातं. हे टोल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि त्या दोन साहेबांना माहीत नव्हतं. त्यामुळे मी नेमका काय गुन्हा करतोय हे त्यांना ठरवता येईना.

मोठे साहेब घड्याळ बघून निघाले. बांबूचा विषय निघालेल्या जागी त्यांना फार वेळ थांबायचं नव्हतं. गुन्हा नोंदवायचं मग कोणी बोललं नाही. जीप दिसेनाशी झाल्यावर जगदाळे साहेब माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज खाली होता.

"सलामे, खरं सांगा. हे झाडू मी स्वतः उचलावेत, हे तुम्हाला कोणी सुचवलं होतं?"

"बकरीनं, साहेब."

त्यांना तो उद्धटपणा वाटला, आणि मला मिळालेल्या 'कारणे दाखवा' नोटिशीत तसं लिहिलंही होतं. पण मी त्यांच्याशी बोललेलं ते सर्वांत खरं वाक्य होतं. आग लागली त्या संध्याकाळी सासू आमच्या अंगणात आली होती. मी ओसरीवर बुटाची नाडी सोडत बसलो होतो. तिनं आमच्या बकरीच्या गळ्यावरून हात फिरवला आणि चांगल्या ठणठणीत आवाजात तिला सांगितलं, "उद्या येऊन जंगल बंद करन तो साहेब. नेऊ दे त्याले झाड. पन सरकारले सांग, त्याले आमचे खराटे दाखव. आन त्यानं सोताच्या हातानं उचलले तर आनखी बरं." बकरी खात्यात नोकरीला नव्हती. मी होतो.

नोटिशीला मी दिलेलं उत्तर बी. ए. मराठीला साजेसं होतं. त्याचा परिणाम म्हणून माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. तिथे ना मोह ना सासू. साहेबांचा झाडतानाचा फोटो खात्याच्या मासिकात आला. पुढच्या वर्षी खात्यानं टोल्याला प्लास्टिकचे झाडू वाटले. ते कोंबड्या हाकलायला बरे पडतात. कोसमटोल्याचं जंगल पुन्हा बंद करायचं मात्र त्यानंतरच्या एकाही रेंजरनं मनावर घेतलं नाही.

पण ते नंतरचं. त्या सकाळी मी झाडत होतो. पारबता टोपली घेऊन आली होती, कारण त्या साली ते झाड आमच्या घरचं होतं. बाकीच्या झाडांखाली वेचणी सुरू झाली होती. घामानं माझी वर्दी पाठीला चिकटली. झाडून झाल्यावर मी खराटा बुंध्याशी टेकवला आणि मागे सरलो.

सासू झाडाला पाठ लावून उभी होती. तिनं सगळीकडे नजर फिरवली, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग मान वळवली आणि झाडाला म्हणाली,

"जावयाले सांग. बुडापाशी पाला रायला."